ठणक्याचा भाव

सकाळच्या पहिल्या बसनं आम्ही दोघं खानापूरला,
मी एकसष्ट, आई चौऱ्याऐंशीच्या आसपास.
आधारवर एक जानेवारी लिहिलंय,
म्हणजे कुणालाच ठाऊक नाही.

सरकारी दवाखान्यात ज्येष्ठांची रांग वेगळी.
शिपायानं तिला आत घेतलं, माझे केस पाहिले,
आणि मलाही तिथंच उभं केलं.

बाक एक, माणसं तेवीस.
लोंढ्याचा एक रिटायर गँगमन
आपल्याच छातीच्या जुन्या फोटोनं वारा घेत होता.
तो म्हणाला, आकडा विचारतील.
सात किंवा वर सांगितलं तर बेळगावला चिठ्ठी,
मशीन, मोठा डॉक्टर.
सहाच्या खाली पिवळ्या गोळ्या.
मी आईला म्हटलं, ऐकलंस?
ती गोणपाटाची पिशवी मांडीवर ठेवून
दाराकडं बघत होती, गिऱ्हाइकाची वाट बघावी तशी.

बसमध्ये मी तिचं दुखणं पाठ करत आलो होतो.
गुडघ्यात ठणका, कमरेत चमक,
रात्री पोटरीत गोळा, बोटांना मुंग्या,
आणि आतनं वाळवी लागल्यागत होतंय, ते.
माझी कानडी पोस्टातली:
इथं सही, पैसे मोजून घ्या, घरी कोण आहे.
तिच्यात वाळवी नाही.

आत नर्स, बैलहोंगलकडची, महादेवी नाव छातीवर.
पोरगीच. डोळ्यांत रात्रपाळी.
अज्जी, एल्ली नोवु?
मी तोंड उघडलं. आईनं हातानंच मला गप्प केलं,
लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं, दाखवलं.
नर्सनं बोटं टेकवली, आणि कागदावरच्या
हसऱ्या-रडक्या तोंडांवर पेन ठेवून विचारलं,
एष्टु?

एष्टु!
चाळीस वर्षं रताळ्यांच्या ढिगामागं बसून
तिनं हा एकच शब्द ऐकलेला,
पावसात, उन्हात, मी पोटात असताना.
येल्लुबाई कल्लाप्पा पावशे ताठ झाली.
एंटु, म्हणाली. आठ.

अष्टू? नर्सची भुवई वर.
आणि भुवई वर गेलेलं गिऱ्हाईक
आईनं कधी रिकाम्या हातानं जाऊ दिलेलं नाही.
बरी, एळु तगोळ्ळी.
आई, असं नसतंय, मी म्हटलं.
तू गप.
नर्सला आता हसू आवरेना. रात्रपाळी कुठं गेली कुणास ठाऊक.
ऐदु माडी, अज्जी. पाच करा.
पाचला परवडत नाही, आई मराठीत म्हणाली,
आणि ते तिला कळलं.
थोडा वेळ कुणीच बोललं नाही. पंखा फिरत होता.
मग आईनं मान तिरकी केली,
शेवटचा भाव सांगताना करायची तशी:
आरु.
सौदा ठरला. दोघींनी माना हलवल्या.

मी बाहेर आलो तो चरफडत.
ठणका ठरवून कमी केला हिनं,
एका आकड्यानं बेळगाव घालवलं.
सरकारनं माप दिलं, आणि माझ्या आईनं
वर दोन रताळी टाकून
आपलंच दुखणं विकून टाकलं.

परतीच्या बसमध्ये चिठ्ठी उलगडली.
आकडा कानडीत.
कानडीतला सहा आणि सात
माझ्या डोळ्यांना एकाच कोयत्याचे दिसतात,
पाती कुठं वळली एवढाच फरक,
आणि माझ्या चष्म्याचा नंबर बदलायचा राहिलाय.
कंडक्टरला विचारलं.
त्यानं तिकिटाच्या उजेडात धरली, म्हणाला,
सात. खाली लिहिलंय, बेळगाव.

मी आईच्या कानाशी गेलो, मोठ्यानं सांगितलं.
नंदगडचा फाटा गेला, तिठ्यावरचा आंबा गेला,
तेव्हा ती बोलली,
वाईट वाटून, खरोखरचं:
फसली गे बाई ती.
सहाला ठरलंतं की.